हवेच्या होडीचा जमाखर्च

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी मिनेसोटा नावाच्या संस्थानाने आपल्या मोटारगाड्यांच्या पाट्यांवर ‘दहा हजार सरोवरे’ असे बिरुद छापून घेतले आहे, आणि परमुलखातून आलेला मनुष्य ही जाहिरातीतील नेहमीची अतिशयोक्ती समजून तिकडे काणाडोळा करतो. परंतु संस्थानच्या दप्तरात प्रत्यक्ष नोंद पाहू गेल्यास दहा एकर अथवा त्याहून अधिक क्षेत्रफळाची सरोवरे ११,८४२ भरतात, असे आढळून येते. उमेदीचा सारा काळ महसूल खात्यात मिळकतींच्या नोंदी पडताळण्यात गेलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास या तफावतीने थक्क करून सोडले. आपल्या मालकीचे क्षेत्र सरकारदरबारी कमी करून सांगणारे खातेदार मी शेकड्यांनी पाहिले आहेत. पण खुद्द सरकारनेच १,८४२ सरोवरे हिशेबाबाहेर ठेवावीत आणि तो कमी आकडा गाडीगाडीवर लावून गावभर मिरवावा, हा प्रकार माझ्या माहितीच्या कोणत्याही नियमावलीत बसत नव्हता.

जेथे पाणी इतके उदंड, तेथे धडधाकट मनुष्याने नुसते काठावर बसून राहणे हे लोकाचाराला सोडून समजले जाते. मे महिन्याच्या मध्यास एका शनिवारी येथील मासेमारीचा हंगाम उघडतो, आणि त्या मुहूर्तावर संस्थानचे गव्हर्नर स्वतः गळ घेऊन एखाद्या सरोवरावर हजर होतात. ही वहिवाट १९४८ सालापासून चालू आहे. वॉलआय नावाच्या माशास १९६५ साली संस्थानचा अधिकृत मासा हा बहुमान बहाल करण्यात आला. आपल्याकडेही नामदारकी बहाल होत असे. फरक एवढाच की येथील नामदारास पकडून, तळून खाण्याची प्रजेस मुभा आहे.

अशा मुलखात आमचे जावई बरीच वर्षे राहत असूनही त्यांच्या मालकीची होडी नव्हती, आणि ही उणीव नेमकी आम्ही उभयता उन्हाळ्यात मुलीकडे मुक्कामास गेलो असता त्यांच्या ध्यानात आली. जावई मूळचे सांगलीचे. कृष्णेला पूर आला म्हणजे उसाचा रस आटवण्याची भलीमोठी काहील पाण्यात लोटून तिच्यातून माणसे, शेळ्या आणि धान्याची पोती पैलतीरास नेतात, हे पाहत ज्याचे बालपण गेले, त्या मनुष्याचा होडीने होडी म्हणूनच जन्मास यावे असा आग्रह नसतो. त्यामुळे त्यांची दृष्टी प्रथमपासूनच उदार होती, आणि सर्व घोटाळा त्या औदार्यातूनच उद्भवला असे आमच्या कुटुंबाचे मत आहे.

पहिला विचार रीतीप्रमाणे ॲल्युमिनियमच्या होडीचा झाला. शेजारच्या नॉर्वेजियन वंशाच्या गृहस्थांकडे तशी एक आहे. ती त्यांना वडिलांकडून वारसाहक्काने आली असल्यामुळे कोणती घ्यावी हा प्रश्नच त्यांच्यापुढे कधी उभा राहिला नाही, आणि म्हणून तिजविषयी ते काही बोलतही नाहीत. परंतु अशी होडी ठेवावयास जागा लागते, वाहून न्यावयास चाकांचा गाडा लागतो, गाडा जोडावयास मोटारीच्या पाठीमागे लोखंडी आकडा लागतो; आणि जावयांच्या गॅरेजात गवत कापण्याचे यंत्र, बर्फ उडवण्याचे यंत्र, व ही दोन्ही यंत्रे ऐनवेळी चालेनाशी झाल्यास लागणारी विळे-फावडी यांनी मोटारीसही पुरती जागा ठेवली नव्हती. तेव्हा हवा भरून फुगवावयाची होडी घ्यावी असे ठरले. तिचे गुण जावयांनी जेवणाच्या मेजावर बोटांवर मोजून दाखवले: ती घडी घालून पिशवीत भरता येते, मोटारीच्या डिकीत मावते, एकट्या माणसास उचलता येते, सहसा बुडत नाही, आणि तिचा सर्वांत मोठा घटक जी हवा, ती सरोवराकाठी विनामूल्य मिळते. ‘बाबा, मुळात वजन असं तिला नाहीच काही,’ असे त्यांनी समारोपादाखल सांगितले. हे वाक्य मी त्याच रात्री तारीख घालून वहीत टिपून ठेवले. कारण पक्षकाराच्या पहिल्या जबानीला पुढे फार किंमत येते, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

या बाबतीत माझा अभिप्राय मागण्यात आला, तो मला पाण्यातले काही कळते म्हणून नव्हे (आमच्या घराण्याचा माशाशी संबंध मत्स्यावतारापुरता), तर जावयाने सासऱ्याचा अभिप्राय मागावा असा प्रघात आहे म्हणून. परंतु मूळ कागद पाहिल्याखेरीज अभिप्राय द्यावयाचा नाही, हा शिरस्ता हाडीमासी मुरलेला असल्यामुळे मी गावच्या ग्रंथालयात जाऊन प्रकरण थेट मुळापासून तपासावयास घेतले, आणि दुपारच्या झोपेचा वेळ सोडल्यास त्या तपासाइतके सुख मला अमेरिकेत दुसऱ्या कशात लाभले नाही.

हवेवर तरंगण्याची युक्ती मनुष्यास फार प्राचीन काळीच साधलेली दिसते. असीरियाचा राजा असुरनासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्यातले, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातले शिल्पपट ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांत फुगवलेली कातडी पोटाशी धरून नदी ओलांडणारे लोक दाखवले असून ते पोहता पोहताच ती तोंडाने फुंकत आहेत, म्हणजे हवेची गळती आणि पंपाची वानवा हे दोन्ही प्रश्न तेव्हापासूनच प्रलंबित आहेत. १५३९ साली चौसा येथे शेरखानाने हुमायून बादशहाचा मोड केला, तेव्हा गंगेत गटांगळ्या खाणाऱ्या बादशहास निजाम नावाच्या भिश्त्याने आपल्या फुगवलेल्या मशकीच्या आधाराने काठास लावले, आणि त्या उपकाराच्या फेडीदाखल बादशहाने पुढे त्यास काही काळ तख्तावर बसवले, अशी हकीकत आहे. हवेच्या होडीस इतका मोबदला त्यानंतर कोणी मोजल्याचे मला आढळले नाही. आणि मशकीचे कातडे किती जाडीचे, शिवण एकेरी की दुहेरी, अशी पृच्छा बादशहाने केल्याचाही कोठे उल्लेख नाही. निवड ही कोरड्या कपड्यांनी काठावर उभे असणाराची चैन आहे.

पण या सर्वांत माझ्या मनात भरला तो ब्रिटिश आरमारातील लेफ्टनंट पीटर हॅल्केट. या गृहस्थाने १८४४ च्या सुमारास रबरी कापडाचा असा एक झगा तयार केला, की अंगावर असेपर्यंत तो झगा आणि आत हवा भरली की होडी. हातातल्या काठीस पाते जोडले की वल्हे, आणि छत्री उघडून धरली की शीड. पुण्यात सायंकाळी पर्वतीच्या दिशेने फिरावयास निघणाऱ्या कोणत्याही सेवानिवृत्त गृहस्थाजवळ उपरणे, काठी आणि छत्री एवढा सरंजाम असतोच; इतक्या सामग्रीवर आरमार उभे राहू शकते हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात येऊ नये, याची मला खरोखर चुटपुट लागली. इंग्रजांच्या नौकाखात्याने या कल्पनेची तोंड भरून तारीफ केली, शोधमोहिमांना ती उपयोगी पडेल असेही मान्य केले, आणि आरमाराच्या सर्वसाधारण कामास ती लागू नाही असा शेरा मारून कागद परत केला. पाठीवर थाप मारता मारता दार कसे लावून घ्यावे याचा तो उत्कृष्ट नमुना असून, माझ्या उमेदवारीच्या काळात तो वाचावयास मिळता तर माझ्या शेऱ्यांना अधिक डौल आला असता. उत्तर ध्रुवाकडील प्रदेशात फिरणाऱ्या जॉन रे याने मात्र ती होडी वापरली आणि वाखाणली.

जावयांचा भर अधिक अर्वाचीन पुराव्यावर होता. १९५२ साली आलँ बाँबार नावाच्या फ्रेंच डॉक्टराने साडेचार मीटर लांबीच्या रबरी होडीतून, मोटारीवाचून, कॅनरी बेटांपासून बार्बाडोसपर्यंतचा अटलांटिक महासागर एकट्याने ६५ दिवसांत ओलांडला. वाटेत तो कच्चे मासे, जाळीने गाळलेले समुद्रातील सूक्ष्म जीव आणि थोडेथोडे खारे पाणी यांवर जगला, आणि त्याचे वजन २५ किलो उतरले. हा दाखला जावयांनी होडीच्या निर्धोकपणाबद्दल म्हणून मुलीपुढे ठेवला.

‘पंचवीस किलो?’ मुलगी म्हणाली. ‘मग घेच तू ती होडी.’

अशा रीतीने तत्त्वतः मंजुरी मिळाली, आणि तपशिलास सुरुवात झाली. तपशील म्हणजे काय वस्तू आहे याची कल्पना ज्यांनी जमिनीच्या फेरमोजणीत आयुष्य काढले आहे त्यांनाच येईल.

प्रथम होडीचे कातडे. अगदी स्वस्त होड्या पातळ प्लास्टिकच्या असतात व त्या मुलांना पोहण्याच्या हौदात खेळावयास ठीक, असे समजले. त्यापुढची पायरी म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप दिलेले, सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचे कापड. आणि सर्वांत वरचे म्हणजे हायपलॉन नावाचे कृत्रिम रबर, जे उन्हास दाद देत नाही आणि खिशास दया दाखवीत नाही. यात मौज अशी की मूळ कंपनीने हायपलॉन बनवणे २०१० सालीच बंद केले, तरी इतर कारखान्यांतले त्याच जातीचे रबर लावलेले कापड आजही त्याच नावाने विकले जाते. खातेदार मयत होऊन वारसनोंद न झाल्याने सातबारा त्याच्याच नावे चालू राहावा, तसा हा प्रकार. पीव्हीसी उन्हाने हळूहळू कडक होत जाते, हा त्यावरचा मुख्य आक्षेप. परंतु मिनेसोटात ऊन म्हणण्याजोगे ऊन वर्षाकाठी चार महिने पडते आणि उरलेल्या काळात सरोवरे गोठून लोक त्यांवरून मोटारी हाकतात, हे ध्यानात घेऊन जावयांनी तो आक्षेप फेटाळला.

मग हवा किती भरावयाची? होडीच्या दोन्ही बाजूंच्या जाड नळ्यांत दर चौरस इंची साडेतीन रत्तल दाब पुरतो, म्हणजे मोटारीच्या चाकातील दाबाच्या नवव्या हिश्श्याएवढा. तेव्हा चाकात हवा भरण्याचा घरचा पंप चालेल, असे मला वाटले होते. पण चाकाचा पंप दाब फार देतो आणि हवा थोडी, व होडीस हवा फार लागते आणि दाब थोडा. त्या पंपाने भरावयास बसल्यास हंगाम उलटेल, असे जावयांनी अदबीने सांगितले. शिवाय हवेचे म्हणून काही नखरे आहेतच. काठावर उन्हात टच्च भरलेली होडी थंड पाण्यात उतरताच अंग सोडते, आणि पाण्यातून काढून उन्हात ठेवली की पुन्हा फुगून शिवणींवर ताण देते. त्यामुळे दर प्रहरी तिची नाडी पाहणारा एक मनुष्य नेमावा लागतो. ही नेमणूक बिनपगारी माझ्याकडे आली.

तळाचा प्रश्न याहून नाजूक निघाला. नुसत्या कापडाच्या तळावर पाय टेकला की तेथे खळगा पडतो आणि होडीतली प्रत्येक सुटी वस्तू त्या खळग्याकडे घरंगळत येते. हवेचाच तळ घ्यावा, तर तो दोन कापडांच्या मध्ये हजारो धाग्यांची वीण घालून असा काही बनवतात की जास्त दाब दिल्यावर फळीसारखा ताठ राहतो, आणि तो हलकाही असतो. सर्व दृष्टींनी हाच योग्य, असा माझा लेखी अभिप्राय होता. परंतु जावयांस उभे राहून गळ टाकावयाचा होता, आणि उभे राहावयाचे तर तळ ॲल्युमिनियमच्या फळ्यांचाच हवा असे त्यांना कोठेसे वाचून पटले होते. फळ्यांनी दहा-पंधरा किलोंची भर पडली. मी वही उघडली आणि ‘वजन’ असे शीर्षक देऊन पहिली रक्कम मांडली.

आता मोटर. प्रलयकाळी मनूची नौका मत्स्याच्या शिंगास वासुकीच्या दोराने बांधलेली होती आणि मासाच ती ओढत होता. होडी, मोटर आणि मासा हे तिन्ही प्रश्न एकदम निकालात निघाल्याचे ते एकमेव उदाहरण होय. कलियुगात ते सुटे सुटे सोडवावे लागतात. होडीच्या मागच्या फळीस अडकवावयाची मोटर अमेरिकेत लोकप्रिय केली ती ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने, आणि तीही शेजारच्या विस्कॉन्सिन संस्थानात. आख्यायिका अशी, की सरोवराकाठी सहलीस गेले असता त्याच्या वाग्दत्त वधूस आइस्क्रीम खाण्याची इच्छा झाली. तो भर उन्हात वल्ही मारीत पैलतीरी गेला, आणि परत येईतो आइस्क्रीमचे पाणी झाले. त्या संतापातून निघालेली मोटर १९०९ साली बाजारात आली: दीड अश्वशक्तीची, वजन ६२ रत्तल, किंमत ६२ डॉलर. आपल्याकडील मनुष्याने अशा प्रसंगी पुढच्या खेपेस भेळ आणली असती, आणि यंत्रयुग आणखी काही वर्षे लांबले असते.

पेट्रोलवर चालणारी अडीच अश्वशक्तीची लहान मोटर आज चौदा ते अठरा किलोंपर्यंत मिळते. परंतु तिचा आवाज होतो, वास येतो, आणि डिकीत ठेवताना तिला ठरावीक कुशीवरच निजवावे लागते. दुसऱ्या कुशीवर निजवल्यास ती तेल सोडते. मुलीने हे ऐकून डिकीतील गालिच्याच्या वतीने हरकत नोंदवली. शिवाय मिनिॲपोलिस शहरातील हॅरिएट, नोकोमिस आदी सरोवरांत पेट्रोलच्या मोटारीस मज्जाव आहे. तेव्हा विजेची मोटर घेण्याचे ठरले, आणि येथे या प्रांताचा अभिमानही कामी आला. कारण अशा मोटारींचा एक नामांकित कारखाना १९३४ साली जवळच्याच फार्गो गावी श्मिट नावाच्या गृहस्थाने काढला, आणि मिनेसोटा व नॉर्थ डकोटा या दोन संस्थानांची नावे जोडून त्याने आपल्या मालास ‘मिन कोटा’ हे नाव दिले.

विजेच्या मोटारीची ताकद घोड्यांत मोजीत नाहीत, रत्तलांच्या रेट्यात मोजतात. माणसे व सामान धरून जे एकूण वजन होईल, त्याच्या दर शंभर रत्तलांमागे दोन रत्तल रेटा असावा, असा सर्वमान्य आडाखा आहे. जावयांनी तीन माणसे, होडी आणि सरंजाम मिळून सुमारे ३०० किलो, म्हणजे साडेसहाशे रत्तल धरले. आडाख्याप्रमाणे १३ रत्तल पुरे. बाजारात ३० रत्तलांची मोटर सहज मिळते, म्हणजे गरजेच्या दुपटीहून अधिक. जावयांनी ५५ रत्तलांची पसंत केली. दोहोंचा कमाल वेग झपाझप चालणाऱ्या मनुष्याएवढाच, ताशी पाच-सहा किलोमीटर, असे त्यांच्याच कागदपत्रांत लिहिले असल्याचे मी निदर्शनास आणून दिले. त्यावर ते म्हणाले, ‘बाबा, वेगासाठी नाही, वाऱ्यासाठी.’ पाण्यात रुतून बसणाऱ्या जड होडीस वारा फारसा हलवू शकत नाही. परंतु पाण्यावर नुसती टेकलेली ही हलकी, गुबगुबीत होडी वाऱ्याची झुळूक येताच तिच्याबरोबर चालू लागते, आणि तिला थोपवून धरावयास मोटर मोठी लागते. हवेने भरलेल्या वस्तूस हवेचेच वावडे असावे, आणि जो हलकेपणा म्हणून तिला पसंत केले त्याच्याच निवारणार्थ जड वस्तू खरेदी कराव्या लागाव्यात, या तर्कशास्त्राची मला कचेरीतून चांगली ओळख होती. मी विशेष चकित झालो नाही.

मोठी मोटर पूर्ण जोरात चालवल्यास ताशी ५० अँपिअर-तासांच्या घरात वीज पिते. शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, एरवी तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाती उरतो एक तास. बॅटरीचे वजन २८ किलो. लिथियमची तेवढीच बॅटरी १२ किलोंत येते, जवळजवळ सगळी वीज वापरू देते, आणि किंमत मात्र शिशाच्या कितीतरी वर मागते. जावयांनी एक रविवार खर्ची घालून वाचणाऱ्या दर किलोमागे किती डॉलर पडतात याचा तक्ता तयार केला. मुलीने तो पाहिला आणि म्हणाली, ‘हे सोळा किलो तू फुकटात उतरवू शकशील. त्या फ्रेंच डॉक्टरने पंचवीस उतरवले.’ शिशाची बॅटरी आली.

याच सुमारास मराठी मंडळींची वार्षिक सहल होती, आणि प्रकरण तेथे जाहीर सुनावणीस निघाले. ज्यांनी होडीत कधी पाऊल ठेवले नव्हते त्यांची मते सर्वांत ठाम होती. एका हृदयरोगतज्ज्ञांनी सव्वा लाख एकरांहून मोठे असलेले मिल लॅक्स सरोवर गाठावे, खरा वॉलआय तेथेच, असे सांगितले, आणि तेथे वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात ही माहिती भज्यांची दुसरी फेरी झाल्यावर जोडली. एकाने होडी भाड्याने का घेत नाही, असे विचारले; त्याच्याशी त्यानंतर कोणी फारसे बोलले नाही.

एका विषयात मात्र माझा अधिकार निर्विवाद आहे असे मी समजत होतो, आणि तो म्हणजे पंक्चर. पुणे हे सायकलींचे शहर होते तेव्हाचा मी मनुष्य. घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा हुडकावा, जागा काचकागदाने खरवडावी, सोल्यूशन लावून ते सुकेपर्यंत फुंकर घालीत राजकारणावर बोलावे आणि मग ठिगळ दाबावे, या विद्येत माझा हात धरणारे आमच्या पेठेत थोडे होते. येथे बुडबुडा हुडकण्याची रीत साबणाच्या पाण्याच्या रूपाने शाबूत असल्याचे पाहून समाधान वाटले. परंतु रबराचे सोल्यूशन पीव्हीसीला धरीत नाही. त्यास दोन कुप्यांतली द्रव्ये प्रमाणात मिसळून केलेला निराळाच चिकट पदार्थ लागतो, आणि तो सुकेपर्यंत पुरा दिवस थांबावे लागते, जेवढे राजकारण माझ्याजवळ नाही. भोक पाडणाऱ्या वस्तूंची यादीही मोठी आहे: गळाचे आकडे, सुरी, काठावरचे टोकदार दगड, आणि मुख्य म्हणजे वॉलआय स्वतः, कारण त्याच्या पाठीवरच्या पंखात काटे असून कल्ल्याची कडही धारदार असते. ज्याला पकडण्यासाठी होडी आणली त्यालाच आत घेताना होडीचा जीव धोक्यात घालावा लागतो, आणि बुडायची वेळ आल्यास पोहता येणारा पक्ष तो एकटाच.

कागदपत्रांचे काम पूर्णपणे माझ्याकडे सोपवण्यात आले आणि ते मी एका बैठकीत उरकले. विनामोटर लहान होडीस येथे नोंदणी माफ आहे. परंतु मोटर लावली, मग ती विजेची का असेना, की तीन वर्षांची नोंदणी, ठरलेला नंबर, आणि तो नंबर होडीच्या पुढच्या भागी दोन्ही अंगांस किमान तीन इंच उंचीच्या अक्षरांत रंगवणे ओघानेच येते. फुगणाऱ्या-आक्रसणाऱ्या अंगावर चिकटवलेली अक्षरे टिकत नाहीत. म्हणून ती दोन पाट्यांवर लावून पाट्या दोरीने बांधल्या. मासेमारीच्या परवान्यात नवरा-बायकोचा संयुक्त परवाना म्हणून एक प्रकार आहे, तो घेतला. गळ न धरता होडीत नुसते बसण्यास मात्र कोणताच परवाना लागत नाही, हे कलम शोधून मी आपली सोय लावली. प्रत्येक माणसामागे एक तरंगजाकीट सक्तीचे. आणि सर्वांत कडक कायदा नखाएवढ्या एका पट्टेदार शिंपल्याविरुद्ध आहे: हा झेब्रा शिंपला एका सरोवरातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून पाण्याबाहेर काढताच होडीतले सारे पाणी सांडून, बूच काढलेल्या स्थितीतच ती रस्त्यावर न्यावी लागते.

या शेवटच्या कलमाने सर्व डाव फिरला. ओली होडी घडी करून पिशवीत भरली तर शिंपला नसला तरी बुरशी हमखास येते. वाळवावयास अर्धा दिवस लागतो. आणि वाळवून, घडी घालून, पुन्हा उलगडून, फळ्या बसवून, हवा भरेपर्यंत हंगामातल्या प्रत्येक रविवारची सकाळ जाते. तेव्हा ती फुगवलेलीच ठेवावी असे ठरले. फुगवलेली होडी डिकीत मावत नाही. म्हणून चाकांचा गाडा आला. गाडा आला म्हणून आकडा आला. गॅरेजात जागा नव्हतीच. म्हणून गवत कापण्याचे यंत्र बाहेर अंगणात ताडपत्रीखाली गेले.

त्या रात्री मी वहीतील रकमांची बेरीज केली. होडी व फळ्या, मोटर, बॅटरी, बॅटरीची पेटी, वल्ही, पंप, खुर्च्या, मासे दाखवणारे यंत्र व त्याची स्वतंत्र छोटी बॅटरी मिळून आकडा शंभरी ओलांडून गेला, आणि त्यात गाडा धरलेला नव्हता. शेजारच्या गृहस्थांस त्यांच्या ॲल्युमिनियमच्या होडीचे वजन मी सहज म्हणून विचारले. त्यांनी थोडा विचार करून सांगितलेला आकडा शंभराच्या आतला होता, आणि त्या दिवशीचे त्यांचे ते सर्वांत लांब भाषण ठरले. जावयांची पहिली जबानी वहीत तारखेसह होतीच. परंतु जावयाच्या जबानीतील विसंगती सासऱ्याने दाखवू नये असाही प्रघात आहे; म्हणून वही मी फक्त आमच्या कुटुंबास दाखवली.

तिने चष्मा लावून बेरीज तपासली. ‘अहो, पण हवेचं किती धरलंत?’

हवेचे मी काहीच धरले नव्हते. नळ्यांची लांबी-रुंदी घेऊन, दाब हिशेबात धरून काढले, तर ते सव्वा किलोच्या आसपास आले. ती रक्कम मी निराळ्या शाईने मांडली, आणि तेवढ्यापुरते जावयांचे म्हणणे खरे होते असा शेराही पुढे लिहिला.

होडी पाण्यात उतरली आणि उत्तम तरंगली, हे प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे. विजेची मोटर इतकी निःशब्द चालते की ती चालू आहे की नाही हे वाकून पाहावे लागते. फक्त वारा थांबत नव्हता, आणि वाऱ्यापुढे होडीस जागच्या जागी धरून ठेवण्यात जावयांचा एक हात मोटारीच्या दांड्यास जखडला गेला. उभे राहून गळ टाकण्याचा बेत, ज्याच्यापायी ॲल्युमिनियमच्या फळ्या आल्या होत्या, तो आपोआप रद्द झाला. गळाची काठी संयुक्त परवान्याच्या आधारे मुलीने घेतली, आणि तळहाताएवढा एक सनफिश पकडून, त्याच्याकडे थोडा वेळ निरखून, पुन्हा पाण्यात सोडला. तेवढ्या अवधीत बॅटरीचा काटा निम्म्यावर आला, आणि नांगरावाचून भागणार नाही हे सर्वांस पटले.

नांगराचे पुढीलप्रमाणे. टोकदार नांगर हवेच्या होडीत ठेवणे धोक्याचे. जावयांचा कल भूछत्राच्या आकाराच्या, कडा गोल असलेल्या, रबर मढवलेल्या नांगराकडे आहे; त्याचे वजन वाढवावे तितका तो चांगला धरतो, असे ते म्हणतात. मुलीचा कल गोणपाटाच्या पिशवीत वाळू भरून ती दोरीस बांधण्याकडे आहे. शेजारच्या गृहस्थांस विचारले असता त्यांनी आपल्या नांगराकडे नुसते बोट दाखवले. तो कॉफीच्या डब्यात सिमेंट ओतून केलेला आहे. तिन्ही बाजूंची म्हणणी मी नोंदवून घेतली असून, आमचे परतीचे तिकीट सप्टेंबरचे असल्यामुळे, प्रकरण तोपर्यंत निकालात न निघाल्यास सर्व कागद मुलीकडे वर्ग करण्याचे ठरले आहे.